टोपलीचा भाव, वाट्याचा भाव

मालिनीबाईंचा राग कातळवण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. अंगणवाडीत सेविका असताना पोरांच्या खाऊचा शिधा कमी आला, की त्या एसटी पकडून थेट रत्नागिरी गाठायच्या आणि साहेबाच्या टेबलासमोर ठाण मांडून बसायच्या. माहेर नाटे गावचं, मासेमारीच्या घरातलं. मासळीच्या लिलावात कमावलेला आवाज त्या सासरी घेऊन आल्या आणि इथे त्यांना नवरा मिळाला गंगाराम, जो समोरून भांडण येताना दिसलं तर पायवाट बदलायचा. गावात म्हणायचे, या घरात राग आणि शांती यांची वाटणी फार चोख झाली आहे. गंगाराम हे ऐकून हसायचा. मालिनीबाईंनाही त्याचं फार वाईट वाटत नसे.

गंगाराम एसटीच्या डेपोत कारकून होता, म्हणून कागदाचं कुठलंही काम निघालं की गावकी त्याच्या गळ्यात घालायची. पंचाण्णव साली कोकणगिरी मिनरल्स नावाची कंपनी बॉक्साईटसाठी गावचा सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, बघायला आली. दोन-चार ठिकाणी भोकं पाडली, मातीचे नमुने नेले. गावकीची सभा बसली. कोणीतरी डोकं चालवलं: उद्या हे आपला सडा खणणार, तर आपणही त्यांचे भागीदार होऊया की! साठ घरांनी घरटी तीनशे रुपये काढले. अठरा हजार झाले. गावकी कुठे नोंदलेली नव्हती, म्हणून शेअर गंगारामच्या नावावर घ्यायचे ठरले. त्यानं रत्नागिरीत जाऊन नव्वद रुपये भावानं दोनशे शेअर घेतले, सभेत तसं सांगितलं, आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

कंपनी पुढे दुसरीकडेच खाण काढून मोठी झाली. गावचा सडा वाचला आणि शेअर विसरले गेले. मधल्या वर्षांत कंपनीकडून काही कागद यायचे, शेअर वाढल्याचं कळायचं. गंगाराम सभेत सांगायचा, "कंपनीनं आणखी दिले हायत." सभा मान हलवायची. फुकट आलेल्या गोष्टीचा हिशोब कोण मागतो?

मग देवळाचा सभामंडप बांधायचं निघालं. गंगाराम तेव्हा सत्तरीचा होता. त्यानं चार हजार शेअर विकले आणि आठ लाखांच्या वर आलेली सगळी रक्कम मंडपाच्या खात्यात भरली. एक रुपया इकडे-तिकडे केला नाही. गावानं टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या विरल्या नाहीत तोच हर्षद उठला. हर्षद म्हणजे गावकीचा मुख्य मानकरी भागोजी याचा पुतण्या, ठाणे शहरात नोकरीला. शेअरचा भाव तेव्हापासून किती पटीनं वाढला ते मंडपातल्या फलकावर लिहायचं, म्हणून त्यानं मोबाईलवर कंपनीचे जुने भाव काढले होते. पंचाण्णव सालातल्या त्या महिन्यात भाव दिसत होता साडेचार रुपये. हर्षदनं फोन भागोजीच्या हातात दिला. भागोजीनं तो पुढच्याच्या हातात दिला. फोन सभेत फिरला आणि तो फिरत असतानाच लोकांचे चेहरे बदलत गेले. साडेचार रुपयांचे दोनशे शेअर म्हणजे नऊशे रुपये. मग उरलेले सतरा हजार शंभर गेले कुठे?

"मी नव्वदानंच घेतले," गंगाराम म्हणाला.

"मंग फोन खोटा बोलतो काय?" भागोजीनं विचारलं.

गंगारामकडे दाखवायला कागद नव्हता. जुनी कागदी सर्टिफिकेटं शेअर डिमॅट खात्यात जमा करताना कंपनीकडे परत गेली होती, रत्नागिरीतला तो दलाल कधीच वारला होता. खरं सांगायचं तर त्या फोनवरचा आकडा बघून तो स्वतःही गोंधळला. नव्वद दिले हे त्याला पक्कं आठवत होतं, साडेचार डोळ्यांना दिसत होते, आणि दोन्ही एकदम खरं कसं असेल हे त्याला सुचेना. गप्प राहिलेला माणूस आपल्याकडे अर्धा गुन्हेगार ठरतोच. सभेत आवाज चढले. "खाल्ले, खाल्ले," असं मागून कोणीतरी ओरडलं आणि ते शब्द उचलले गेले.

त्या शिमग्याला ग्रामदेवी नवलाईची पालखी गंगारामच्या घरी आली नाही.

पालखी घरी न येणं म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. वर्षातून एकदा देवी देऊळ सोडून स्वतः दारात येते, घरच्या पाटावर बसते, घरातल्या बाईच्या हातची ओटी घेते. ती ज्या घरी जात नाही ते घर गावात नसतं. मालिनीबाईंनी अंगण सारवलं होतं. गंगाराम नवं धोतर नेसून नारळ घेऊन उभा होता, कारण शेवटच्या क्षणी लोक ऐकतील असं त्या भोळ्या माणसाला वाटत होतं. ढोल शेजारच्या घरी वाजला आणि तिथून थेट पलीकडच्या घरी गेला. मालिनीबाई अंगणाच्या दगडी गडग्याशी धावत जाऊन वाट्टेल ते बोलल्या. पालखी खांद्यावर घेतलेल्या पोरांना त्यांनीच अंगणवाडीत नाकं पुसून वाढवलं होतं. एकानंही मान वर केली नाही.

श्रावणात गंगाराम गेला. डॉक्टर हृदय म्हणाले. मालिनीबाई कारण वेगळं सांगतात आणि त्यांच्याशी त्यावर वाद घालायची कुणाची हिंमत नाही.

माघात त्या रत्नागिरीला गेल्या. गंगारामचं डिमॅट खातं बंद करायचं राहिलं होतं. शेअरच्या कचेरीत शमिका नावाची मुलगी होती, शिकलेली आणि बोलायला गोड. तिनं फॉर्म भरून घेतला, खात्यावरची जुनी विक्री बघितली आणि सहज विचारलं, "काकू, हे शेअर केवढ्याला घेतले होते?"

बाईंचा भडका उडाला. केवढ्याला घेतले हेच तर विचारून विचारून माणूस मारला होता! नव्वद, साडेचार, सभा, पालखी, सगळं त्या एका दमात बोलल्या. कचेरीतले लोक वळून बघायला लागले. शमिकानं त्यांना पाणी दिलं आणि संगणक त्यांच्याकडे फिरवला.

"काका खरंच बोलत होते, काकू," ती म्हणाली. "कंपनीनं मध्ये एकाला एक बोनस दिला, म्हणजे दोनशेचे चारशे झाले. मग दर्शनी किंमत दहा रुपये असलेल्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा केले, चारशेचे चार हजार झाले. एका जुन्या शेअरचे आता वीस आहेत. म्हणून तो फोन जुना भावसुद्धा विसानं भागून दाखवतो, नाहीतर आजच्या भावाशी मेळ बसणार नाही. नव्वद भागिले वीस, साडेचार."

मालिनीबाईंनी बोटांवर मोजून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे टोपली लिलावात नव्वदाला घेतली, तिचे वीस वाटे लावले, आन् तो मेला फोन सांगतोय वाट्याचा भाव."

"अगदी तसंच," शमिका म्हणाली.

बाईंना वाटलं होतं, खरं कळलं की आपल्याला रडू येईल. आला तो संताप, आणि तो असा की परतीच्या एसटीत त्या भाड्याचे सुटे कंडक्टरच्या हातावर आपटून बसल्या. अख्खं गाव मासे खाणारं! बाजारात वाट्याच्या भावासाठी कोळणीशी तासभर हुज्जत घालणारं! आणि त्यातल्या एकाही शहाण्याला कळू नये की दोनशेचे चार हजार झाले ते झाडाला लागून नव्हे? मंडपाला पैसे घेताना चार हजार मोजून घेतले आणि आळ घेताना दोनशेच मोजले. चूक न कळल्याची नव्हती, चूक विचारच न करण्याची होती, आणि ती त्यांना अजिबात माफ करायची नव्हती.

गावकीच्या सभेत बायका बोलत नाहीत. मालिनीबाई आत शिरल्या तेव्हा भागोजी म्हणाला, "वयनी, काय असंल ता घरी येऊन सांगा."

"सभेत काढलात, सभेतच ऐका. शेअर इकले किती?"

"चार हजार."

"आमच्या ह्यांनी घेतले किती?"

"दोनशे."

"मंग बाकीचे तीन हजार आठशे चोरानं आणून टाकलान काय?"

हर्षद शिमग्याच्या तयारीसाठी आला होता. त्यानं फोन काढला, काहीतरी शोधलं आणि त्याचं तोंड उतरलं. "काकी, तो भाव अ‍ॅडजस्ट केलेला असतो," तो पुटपुटला. "माझ्या लक्षात नाही आलं."

"लक्षात नाय आला," बाई म्हणाल्या. "माझा माणूस गेला, मेल्या, तुझ्या लक्षात नाय आला म्हणून."

भागोजी मध्ये पडला. झालं गेलं गंगेला मिळालं, कोणी मुद्दाम केलं नाही, यंदा पालखी पहिली तुमच्या दारात येईल, असं बरंच काही तो बोलला. मालिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. अंगणात देवीसमोर गाऱ्हाणं घालताना तिथे झाल्या चुकीचंही बोलायचं. भागोजी चाचरला, गाऱ्हाण्यात असलं कधी बोलत नाहीत म्हणाला. "नसंल बोलायचा तर पालखी फुडं न्या," बाई म्हणाल्या. सभेतली म्हातारी माणसं चपापली. देवीला दारातून परत पाठवायला ही बाई कमी करणार नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

शिमग्याला पालखी आली. ढोल थांबला, देवी पाटावर बसली. भागोजीनं नारळ हातात धरून गाऱ्हाणं सुरू केलं. पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईची माणसं, लेकीसुना, सगळ्यांचं रक्षण कर. प्रत्येक मागणीला मंडळी म्हणत होती, "होय महाराजा." मग तो अडकला. मालिनीबाई ओटीचं ताट घेऊन समोर उभ्या होत्या, पदर खोचून.

"आई नवलाई," भागोजी म्हणाला, "गंगारामानं गावाचा पैसा खाल्ला नाय. आमी त्याच्यावर खोटा आळ घेतला. आमाला क्षमा कर."

"होय महाराजा," मंडळी पुटपुटली.

"ऐकू नाय आला," मालिनीबाई म्हणाल्या.

"होय महाराजा!"

या खेपेला आवाज मोठा निघाला, आणि त्यात हर्षदचाही होता. बाईंनी पुढे होऊन देवीची ओटी भरली, कपाळ टेकलं. त्या उठल्या तेव्हा भागोजी हात जोडून म्हणाला, "वयनी, आता तरी राग गेला ना?"

"देवीवर नव्हताच," त्या म्हणाल्या. "तुमच्यावरचा हाय तसा हाय. ह्ये आमच्या ह्यांच्या कानावर पडला असता, तर गेला असता."