तीन काटे

आमचे ट्वाइबूमामा रागीट म्हणून मांगोचीच्या सरोवराकाठी प्रसिद्ध होते, आणि तो राग बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचा. आमच्याकडे भाचरांचा वाली मामा. त्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही. मी तर त्यांच्या तळ्यावर कामालाच होते.

तळ्यात चांबो मासे होते. बारीक जाळ्यांनी सरोवर उपसून काढलं, चांबो दिसेनासा होऊ लागला, तेव्हा मामांनी थोड्या जोड्या आणून जिवापाड जपल्या. नऊ वर्षं. चांबोचा नर वाळूत खड्डा करतो, मादी अंडी घालते ती लगेच तोंडात घेते आणि पिल्लं सुटी होईपर्यंत उपाशी राहते. फुगल्या हनुवटीची मादी दिसली की मामा हळू बोलायचे. एरवी नुसती आरडाओरड.

दरवर्षी सरोवरात कोळ्यांना अजून लागणाऱ्या तुरळक नव्या माद्या सोडाव्या लागत, नाहीतर पिल्लं किडकिडीत निघतात. अडचण मकुंबाची. तो चांबोचाच भाऊबंद, आणि दोघांच्या माद्या अगदी सारख्या. मग पोटाखालच्या मागच्या पंखातले काटे मोजायचे. चांबोला तीन, मकुंबाला चार. मामा अंगठा फिरवून मोजायचे. डोळ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्या वर्षी माझ्या हातातल्या मादीवर त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तीन. सोड."

मला चार दिसत होते. बोलणार होते, पण मामा पुढच्या माशाकडे वळले. म्हटलं, यांच्यापुढे आपली अक्कल कशाला पाजळा. सोडली. दिवसभरात अशा पाच गेल्या. साखरेच्या आजाराने त्यांची बोटं बधिर झाली होती, तापलेलं भांडं धरलं तरी कळत नव्हतं. मामीने हे आम्हाला फार उशिरा सांगितलं.

पुढच्या वर्षी नवे नर रंगावर आले. चांबोचा नर काळाभोर होतो. जाळ्याच्या प्रत्येक ओढीत पंखांना मकुंबासारखी तांबडी कड असलेले नर निघाले. बेणं बाटलं होतं, आणि आता निवडून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मामा बांधावर बसले. म्हणाले, "तू पाहिले होतेस ना, आसियातू, काटे?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही तीन म्हणालात, मामा."

वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "इतकी भीती घातली होय मी तुम्हाला."

तळं रिकामं केलं. गावाने आठवडाभर मक्याच्या पिठाच्या न्सिमाबरोबर मासे खाल्ले आणि चव झकास असल्याचं घरी येऊन सांगितलं. नव्या बेण्यासाठी कोळ्यांनी अख्खा हंगाम जाळी टाकली, पण आता एकही चांबो लागला नाही. माझ्या गप्प बसण्याने हे झालं, आणि ते मला कोणी बोलूनही दाखवत नाही.

मामा आता कोणावरच ओरडत नाहीत. काल मी मुद्दाम कालवणात मीठ घातलं नाही. त्यांनी निमूट खाल्लं, आणि छान झालंय म्हणाले.