तिच्यासाठी वाचलेली कादंबरी

लहानपणापासूनच्या दोन मैत्रिणी मोठ्या होतात आणि दुरावतात, अशा कादंबऱ्या मी शोधून शोधून वाचते. या पुस्तकांत दुरावण्याचं कारण मोठं असतं. एकीचा नवरा, दुसरीचा मत्सर, नाहीतर उशिरा उघडी पडलेली फसवणूक. वाचताना मला नेहमी वाटायचं, माझ्यात आणि माझ्या लहानपणच्या मैत्रिणीत असलं काही घडलं नव्हतं. तिचं लग्न झालं, माझं शिक्षण सुरू झालं, गावं बदलली आणि संपलं.

आमचं गाव साताऱ्याजवळचं. गावच्या वाचनालयात एका वेळी एकच पुस्तक मिळायचं, म्हणून आम्ही एकच कादंबरी दोघींत वाचायचो. तिच्या घरच्या मळ्यात, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं सावलीला बसून, डोक्याला डोकं लावून. ती माझ्यापेक्षा भरभर वाचायची. पान उलटायच्या आधी माझ्यासाठी थांबायची आणि वैतागायची, "झालं का न्हाई गं तुझं?" कुठली बाई खोटं बोलतेय आणि कुणाचं पुढं काय होणार, हे तिला माझ्या आधी कळायचं. आमच्या दोघींत पुढं शिकणार कोण, असं कुणी विचारलं असतं तर मी तिचंच नाव सांगितलं असतं.

बारावी झाली आणि तिचं लग्न लागलं. नवरा फौजेत, सासर कोरेगावच्या बाजूला. मी मिरजेला लॅब टेक्निशियनचा कोर्स करायला गेले. एक-दोन पत्रं झाली, मग तीही थांबली. मला नोकरी मिरजेतच लागली, लग्न होऊन सांगलीत आले, मुलं मोठी झाली.

दोनेक वर्षांपूर्वी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा नंबर दिसला. फोन केला. आवाज तसाच होता, फक्त नवऱ्याबरोबर छावण्यांत राहून मधूनच एखादा हिंदी शब्द यायचा. नवरा रिटायर होऊन आला होता, घरची शेती होती, आलं लावलं होतं, दोन म्हशी होत्या.

"अजून वाचतेस का?" मी विचारलं.

"कुठलं गं! पुस्तक हातात घेतलं की डोळं मिटत्यात."

"मग मी वाचून पाठवू?"

"पाठव की. धारा काढताना ऐकीन."

त्या वेळी माझ्याकडं अशीच एक दोन मैत्रिणींची कादंबरी होती. कामावरून आले की गॅलरीत बसून मी थोडं थोडं वाचून रेकॉर्ड करायची. नवरा आतून म्हणायचा, "रेडिओ सुरू झाला का?" सकाळी तिचं उत्तर यायचं. मागं म्हशीचं हंबरणं, बादलीचा आवाज आणि तिची टीका. "ह्या लेखिकेनं कवा शेण काढलं न्हाई वाटतं." मी लॅबमध्ये इअरफोन कानात घालून ऐकायची आणि एकटीच हसायची. इतक्या वर्षांत मला कुणी असं हसवलं नव्हतं.

कादंबरीतली एक शहरात शिकायला जाते, दुसरी गावात राहते. गावातलीचा नवरा अपघातात जातो आणि शहरातली कित्येक महिने फिरकतच नाही. तो भाग पाठवताना मी शेवटी म्हणाले, "बिचारीला कुणी कळवलंच नाही गं."

उत्तर आलं, "कळवाय कशाला लागतंय? जिला यायचं असतं तिला कळतंय."

मला वाटलं नेहमीसारखी भांडतेय. मीही भांडले. "अगं, फोन नव्हते तेव्हा. कसं कळणार?"

त्यावर तिनं थेट फोनच केला. "मी मिरजंत हुते तवा तुला कळलं न्हवतं व्हय?"

मला काहीच समजेना. मग तिनं सांगितलं. तिची पहिली मुलगी काही महिन्यांची होती. हृदयाला दोष होता, म्हणून मिरजेच्या दवाखान्यात आणली होती. नवरा लांब पोस्टिंगवर, सोबत फक्त सासू. माझं हॉस्टेल त्याच रस्त्यावर होतं.

"माझी आई सोता तुझ्या आईला सांगून आली हुती. भेटायची येळ झाली की मी दाराकडं बघत बसायची. पोरगी गेली तवा बी वाटलं, आता तरी येशील."

"आईशप्पथ, मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ दे आता," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आई जाऊन बरीच वर्षं झालीत. मी गावी काकूला विचारलं. काकू म्हणाली, "तुझी परीक्षा हुती. तुझी आई म्हणली, पोरगी तिकडं जाऊन बसंल, वरीस वाया जाईल, नंतर सांगू. मग त्ये लेकरू गेलं. नंतर काय सांगायचं हुतं?"

मी कोरेगावला गेले. ती अंगणात आलं निवडत होती. हात मातीचे होते. मी काकूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती निवडायची थांबली.

"म्हंजी तुझी काय बी चूक न्हाई," ती म्हणाली. "पर मी इतकी वरसं तुझ्यावर राग धरून काढली. त्यो राग आता कुठं ठिवू?"

मी विचारलं, "कशी होती गं दिसायला?"

ती मान खाली घालून सांगत राहिली. रंग सावळा, केस लय दाट, झोपेत हसायची, सासूच्या बांगड्या वाजल्या की मान वळवायची. आजवर कुणी विचारलंच नव्हतं, असं म्हणाली. दोघी रडलो. मग ती उठली, हात धुतले, भाकरी थापल्या. निघताना तिनं पाट मांडला, कुंकू लावलं आणि खण-नारळानं माझी ओटी भरली. लांबून आलेल्या पाहुणीची भरतात तशी. आमच्यात असलं कधीच नव्हतं. तिच्या मळ्यातल्या शेंगा मी न विचारता उपटून खायची. ओटी घेताना मला वाटलं, आपण ओरडावं, नको गं हे. पण वाकले आणि नमस्कार केला.

घरी येऊन पुढचा भाग पाठवला. तो तिनं ऐकला नाही. आणखी एक पाठवला, तोही तसाच राहिला. बाकीची कादंबरी मी एकटीनं वाचली. त्यातल्या दोघींचा गैरसमज दूर होतो, त्या गळ्यात पडतात आणि पुढचं आयुष्य सुरू होतं. गैरसमज दूर झाल्यावरही काही उरतं, हे त्या लेखिकेनं लिहिलं नव्हतं. मलाही आधी माहीत नव्हतं.

परवा तिचा फोन आला, एसटीतून. सासूचे गुडघे दाखवायला मिरजेला आली होती. आता गाडी कराडच्या पुढं गेली होती.

"अगं, घरी जेवायला यायचं की," मी म्हणाले.

"गडबडीत हुते," ती म्हणाली. "पुढच्या टायमाला बघू."