झाडलोटीत गेलेली ओळ

संगणकाच्या सर्वांत आतल्या प्रणालीतले, म्हणजे कर्नेलमधले, त्रुटींचे संदेश नीटनेटके करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. कुठे विरामचिन्ह चुकलेले असते, कुठे तक्रार कोणत्या उपकरणाची तेच लिहायचे राहिलेले असते. आज त्या ओळी एकसारख्या करताना एक ओळ सापडेना. ‘डिस्कवर लिहिता आले नाही’ असे सांगणारी.

जुन्या बदलांच्या नोंदी चाळल्या. अशाच एका झाडलोटीत ती माझा मित्र आणि सहकारी शिरीष याने काढून टाकली होती. तेव्हापासून लिहिणे फसले तरी यंत्र गप्प बसे, आणि समोरच्या माणसाला आपले काम जपले गेले असेच वाटे. डिस्कवर लिहिण्याचा भाग शिरीषकडे होता; त्याविषयीच्या तक्रारी मात्र थांबल्या होत्या.

आमच्याकडे प्रत्येक बदल दुसऱ्याने वाचून संमती दिल्यावरच घेतला जातो; त्या बदलाखाली तपासणारा म्हणून माझे नाव होते. “नुसती झाडलोट आहे रे, डोळे कशाला शिणवतोस?” तो म्हणाला होता. “तुझं आहे म्हणजे ठीकच असणार,” म्हणत मी न वाचताच संमती दिली होती.

त्याने मला फसवले, हे मनातून जात नाही. पण ज्याला मी विश्वास म्हणत आलो, त्यात माझा आळस किती होता? मैत्रीतूनही आम्ही बोचणारी वाक्ये अशीच काढत गेलो असू, आणि उरलेल्या शांततेला सलोखा म्हणत असू.

ओळ मी परत जागेवर ठेवली, कारण स्पष्ट लिहिले आणि बदल तपासायला शिरीषकडेच पाठवला. त्याने रागवावे, निदान काही विचारावे, अशी इच्छा होती. पुढच्याच क्षणी त्याची संमती आली. सोबत लिहिले होते, “तुझं आहे म्हणजे ठीकच असणार.”