एक मिनिट गप्प बसा

कॉलरला लावायच्या माइकला एक बारीक बटण असतं. ते चालू करायला मी विसरलो, आणि विसरलो तेही सासऱ्यांच्या मुलाखतीला. माइकची पिन खोचली की कॅमेऱ्याचा स्वतःचा कान बंद होतो. माइक तर मुकाच होता. त्यामुळे मखमलाबादच्या मळ्यात खाटेवर बसून मामा पाऊण तास झेंडूबद्दल बोलले, आणि टेपवर नुसते त्यांचे ओठ हलले.

हेडफोन लावला असता तर तिथेच कळलं असतं. तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मी नाशिकच्या कॉलेजांतून मुलांना माहितीपट करायला शिकवत फिरायचो. हेडफोनवर माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान होतं. पण सासरे बोलतायत आणि जावई कान झाकून बसलाय, हे काही मला जमेना. हेडफोन गळ्यात अडकवून मी अदबीने मान हलवत राहिलो.

मुलाखत संपली की त्या जागेची एक मिनिटभर शांतता रेकॉर्ड करायची, असा आमच्या कामातला रिवाज. पुढे आवाजाचे जोड झाकायला ती लागते. त्यासाठी मी माइकची पिन काढली आणि म्हणालो, "मामा, आता एक मिनिट गप्प बसा."

"इतका वेळ बोला बोला करत होते," मामा म्हणाले, आणि बसले गप्प.

घरी टेप लावल्यावर सगळं कळलं. कुणाला बोललो नाही. झेंडूवरच्या माहितीपटाच्या शोची पत्रकं वाटून झाली होती. मामांच्या चित्रावर मी माझाच आवाज चढवला. त्यांचं जेवढं आठवलं, ते जरा बऱ्या मराठीत. दिवाळीनंतर फुलांची गडबड संपली की पुन्हा मुलाखत घेऊ, असं ठरवून टाकलं.

शो एका शाळेच्या हॉलमध्ये असायचा. नाशिकलाही लोकांनी माहितीपट बघावेत म्हणून मी दर महिन्याला तो भरवायचो. एरवी सात-आठ माणसं यायची, त्यातला एक हॉलची किल्ली घ्यायला आलेला शिपाई. त्या रविवारी मात्र मळ्याकडची वीसेक मंडळी टेम्पोतून आली. मामा पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर. संपल्यावर म्हणाले, "पाव्हणं, माझ्यापेक्षा तुम्हीच लय बरं बोलले."

ही थट्टा होती की शाबासकी, ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर मामांचं छातीचं दुखणं निघालं. फाल्गुनात ते गेले. मी सगळं केलं. खांदा दिला, माणसांना फोन केले, मांडववाल्याशी खुर्च्यांवरून भांडलो. मला काही वाटत असल्याचं आठवत नाही. तेराव्यानंतर घरी आलो, तेव्हा बायको मटार सोलायला बसली.

"अहो," ती म्हणाली, "दादांची ती मुलाखतीची कॅसेट लावा ना. चित्र नसलं तरी चालेल. आवाज ऐकायचाय."

मी सांगितलं. बटणाचं सांगितलं, हेडफोनचं सांगितलं, पत्रकांचंही सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "काहीच नाही?"

"शेवटचं एक मिनिट आहे. पण त्यात ते गप्प आहेत."

"लावा."

मी वायर जोडली. वायर जोडताना हात व्यवस्थित चालत होते, एवढं आठवतं. टीव्हीवर मामा खाटेवर ताठ बसलेले. कुठेतरी बादली आपटली. एक कावळा ओरडला. मामा खोकले, दोनदा, तोंडाशी उपरणं धरून. मग हळूच म्हणाले, "लय वेळ हाय का, पाव्हणं?"

त्यावर माझा आवाज आला, "श्श्."

मिनिट संपलं. बायकोने पुन्हा लावायला सांगितलं, मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मी वाट बघत होतो, त्या श्श् बद्दल ती आता काहीतरी बोलेल. निदान हसेल.

"हे दसऱ्याच्या आधीचं ना?" तिने विचारलं.

"हो. पंधरा दिवस आधीचं."

तिने सोललेले दाणे पातेल्यात ओतले, सालं कागदात गुंडाळली.

"तेव्हाच खोकत होते," ती म्हणाली. "आपण दिवाळीनंतर नेलं डॉक्टरकडे."