टेबलावरचा चौक

प्रबोधनकाळातल्या एका इटालियन वास्तुग्रंथाचं मराठी भाषांतर आम्ही छापतो आहोत. भाषांतरकार आपटेसरांची नजर आता फारच अधू झाली आहे. शेवटची मुद्रितं तपासायला दुसऱ्या कुणाकडे द्यावीत, हे सांगायला मी काल त्यांच्या घरी गेले. अवघड कामं मी सकाळीच उरकते.

दार उघडंच होतं. विमलताई नवऱ्याला मुद्रित मोठ्याने वाचून दाखवत होत्या आणि सर ऐकता ऐकता टेबलावर बोटाने रेषा ओढत होते. आधी ओसरी, मग चौक, मग जिना. अचानक बोट थांबलं.

"थांब गं. जिना डावीकडे घेतला तर दार उघडणारच नाही. उजवीकडे हवा. माझीच चूक."

"नशीब, अजून कुणी राहायला गेलं नाही तिथे," म्हणत ताईंनी दुरुस्ती केली.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. इतकी वर्षं पुस्तकं काढते आहे, पण परक्या देशातलं, शेकडो वर्षांपूर्वीचं घर मराठीत आणायचं तर आधी कुणाला तरी त्यात वावरावं लागतं, हे असं समोर कधी दिसलं नव्हतं. आणि सर वावरत होते, कुठेही न अडखळता.

चाहूल लागून त्यांनी विचारलं, "कोण? काही काम होतं का?"

"उरलेली प्रकरणं उद्या पाठवते, एवढंच सांगायचं होतं."

"पाठवा, पाठवा!" सरांचा चेहरा उजळला.

ताईंनी पुढचं वाक्य वाचलं. बोट पुन्हा सरकू लागलं, तसा त्यांनी सरांचा चहाचा कप हळूच बाजूला घेतला. तिथे आता घुमट येणार होता.