मनिरामनं वाटलेल्या गोळ्या

पोटवाल्यांचे किस्से पोटातल्या ॲसिडसारखेच असतात बापा. जेवण असो-नसो, जमा होतच राह्यतात. नव्वदनंतरचे साल. बालाघाटकडच्या लामता गावच्या राइस मिलवर आम्ही चौघं पोते उचलत होतो. माझं पोट धड होतं. मनिराम, धनलाल अन् गोमाजी, तिघायले अल्सर.

*

माठाजवळ खाण्याच्या सोड्याचा डबा राहे. पोट जळलं का चिमूटभर सोडा, एक ढेकर, अन् पुन्हा पोतं पाठीवर.

सेठ म्हणे, तिखट कमी खा. गोमाजी म्हणे, "सेठजी, भाजीच नाही ताटात. तिखट कायचं कमी करू?"

*

मनिरामले एकदा रक्त पडलं. बालाघाटच्या नव्या डॉक्टरनं त्याले गोंदियाले पाठवून, तोंडातून नळी घालून पोट तपासून घेतलं. म्हणाला, दोष तिखटाचा नाही, पोटात जंतू हाय. तो मेला का जखम भरंल, ॲसिडही ठिकाणावर येईल.

धनलाल म्हणाला, "इतक्या ॲसिडात जो जगते, त्याले सेठनं पोते उचलाले ठेवावं!"

*

डॉक्टरनं कोर्स देला. एक गोळी ॲसिड दाबाची, बाकीच्या जंतू माराच्या. एकही सोडू नको, पुन्हा रक्त गेलं तं जीवावर येईल, असं बजावलं.

पण मिलवर डबा उघडला का सगळ्यायनं वाटून खाचं, हा आमचा कायदा. चटणी असो का आंबा. मनिरामनं गोळ्याही वाटल्या. "पोट तिघायचं जळते. मी एकट्यानं कसा खाऊ?"

*

तिघायची जळण थांबली. सोड्याच्या डब्यावर धूळ बसली. पण थांबवली होती ती ॲसिड दाबाच्या गोळीनं. जंतू तिघायच्याही पोटात तसेच बसून होते.

धानाच्या हंगामात तिघायची जळण परत आली. डॉक्टरनं विचारलं, कोर्स पुरा केला का?

मनिराम म्हणाला, "हौ साहेब, एकही गोळी उरली नाही."

खोटं नव्हतं ते. डॉक्टरनं दुसरं औषध लिहून देलं. ते सुरू व्हाच्या आधीच मनिरामले रक्ताची उलटी झाली. बालाघाटले नेता नेता जीपमध्येच गेला.

*

तेरवीले आम्ही तिघं एका पंगतीत बसलो. मनिराम घरी काही लपवत नसे, गोळ्या वाटल्याचंही सांगितलं होतं. त्याची बायको, भिवरावहिनी, स्वतः वाढत होती. धनलालपाशी आली अन् थांबली.

"भाऊजी, तुमचं पोट तं बरं हाय न आता?"

धनलाल मान खाली घालून म्हणाला, "हौ वहिनी."

तिनं त्याच्या पत्रावळीवर आणखी भात टाकला.

"मंग पोटभर जेवा."