नानांना सांगायचं होतं म्हणून वेल्सच्या तळ्यावर

या ब्लॉगवर येणारे बहुतेक जण मुलांना घेऊन कुठे जावं, खायचं काय आणि पाऊस लागेल का, एवढंच बघायला येतात. ते सगळं खाली आहे. पाऊस लागतो. पण या वेळची सहल आम्ही सहलीसाठी काढलीच नव्हती, आणि ते लपवून नुसते तळ्याचे फोटो टाकणं मला जमणार नाही.

माझे सासरे, नाना, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सासूबाई गेल्यापासून सांगलीच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. गेल्या वर्षी दोनदा पडले. दुसऱ्यांदा बाथरूममध्ये, आणि सकाळी कामाच्या मावशी येईपर्यंत तिथेच पडून होते. माझा नवरा प्रणव एकुलता एक, तेव्हा नानांना व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे लंडनमध्ये स्टॅनमोरला आणलं. त्यांना कायमचं इथे ठेवता येईल का, म्हणून वकिलाला भेटलो. त्याने अतिशय सभ्यपणे आम्हाला नादाला लागू नका असं सांगितलं. मग प्रणवने पुण्याजवळ ज्येष्ठ नागरिकांच्या एका निवासात खोली घेतली. चांगली जागा आहे, डॉक्टर आहेत, बाग आहे. हे सगळं ठरलं, सह्या झाल्या, आणि नानांना मात्र कुणीच काही बोललं नव्हतं. ते आपले जुलैमध्ये सांगलीला गेल्यावर गॅलरीला जाळी बसवायची आणि शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या कुंड्या परत आणायच्या, या विचारात.

प्रणव रोज ठरवायचा आणि रोज राहून जायचं. शेवटी म्हणाला, कुठेतरी शांत ठिकाणी नेऊन सांगतो, तळ्यावर जाऊ, त्यांना मासेमारी आवडेल. मी म्हटलं, घरीच सांग, सोफ्यावर बसव आणि सांग. त्याला ते फार कोरडं वाटलं. मे महिन्याच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळेच्या आठवड्याभराच्या सुट्टीत, आम्ही चौघं निघालो: नाना, प्रणव, मी आणि आमची अकरा वर्षांची रेवा.

रस्ता सोपा आहे. एम-वन, मग एम-सिक्स, टेलफर्डच्या पुढे ए-फाइव्ह धरायचा आणि सोडायचा नाही. एम-सिक्सवर बर्मिंगहॅमच्या आसपास अडकणार हे गृहीत धरा. लँगॉथलेनला थांबून नदीकाठी चिप्स खाल्ले. नानांना व्हिनेगर घातलेले चिप्स आवडतात, ही इंग्लंडने त्यांना दिलेली एकमेव गोष्ट असावी. त्यानंतर रस्ता डोंगरात शिरतो, पाट्यांवरच्या अक्षरांचा आणि उच्चारांचा संबंध संपतो, आणि मेंढ्या माणसांपेक्षा जास्त दिसायला लागतात. शेवटचं मोठं गाव बेटुसी-कोएड. टोपी, रेनकोट, चिलटांचं औषध, जे काही विसरलं असेल ते तिथेच घ्या. आम्ही चिलटांचं औषध घेतलं नाही. चूक झाली.

मासेमारीला दोन कागद लागतात. एक सरकारी लायसन्स, ते घरूनच ऑनलाइन काढता येतं. लहान मुलांना लागत नाही. दुसरं त्या तळ्याचं दिवसाचं परमिट, ते आम्हाला गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. दुकानदारीण बाईंनी नानांकडे बघून विचारलं, यांनी कधी फ्लाय टाकलीय का? प्रणव म्हणाला, नाही, आज शिकणार. त्यावर बाई म्हणाल्या की वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, आणि परमिटवर नानांचं नाव प्रणवपेक्षा नीट लिहिलं.

कॅम्पसाइट म्हणजे एका शेतकऱ्याचं उतरतं कुरण. टॉयलेट स्वच्छ, पण शॉवरचं पाणी मनात येईल तेव्हा गरम. तंबू लावताना दारं डोंगराकडे नकोत, वारा तिकडूनच येतो. हे आम्हाला तंबू लावून झाल्यावर कळलं. नानांसाठी प्रणवने वेगळा तंबू, जाड गादी, घडीची आरामखुर्ची आणि गरम पाण्याची पिशवी आणली होती. आम्ही तिघं साध्या मॅटवर. जेवायला कॅम्पिंग स्टोव्हवर मेतकूट-भात, आणि नानांसाठी खास लँब चॉप्स, घरून मसाला लावून आणलेले. प्रणव सारखा विचारत होता, नाना थंडी वाजत नाही ना, नाना अजून एक घ्या. मी त्याच्याकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या संध्याकाळीही सांगायचं राहूनच गेलं. पाऊस लागला, आणि सगळे आपापल्या तंबूत गेले.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर. कुरणाच्या वरच्या फाटकातून पायवाट निघते, चढ आहे पण कठीण नाही, वाटेत दोन ओढे आणि भरपूर चिखल. चांगले बूट घाला. नाना काठी टेकत आमच्या पुढे चालले होते. तळं एकदम समोर येत नाही, आधी एक दगडी बांध दिसतो, मग त्याच्या मागे काळं पाणी. तीन बाजूंनी उघडे डोंगर, झाड एकही नाही. मला ती जागा आवडली नाही, स्पष्टच सांगते. ब्लॉगांवर तिला स्वर्ग म्हणतात. मला तिथे आपण कुणाच्या तरी मागच्या दाराने आत शिरलोय असं वाटत राहिलं.

नाना मात्र खूश. आधी त्यांनी बांधाची पाहणी केली. कुणीतरी खूप जुना, हाताने रचलेला बांध आहे, म्हणाले, आणि जास्तीचं पाणी बाहेर पडतं तो सांडवा शोधून काढला, त्याचा एक दगड निसटलाय हे रेवाला दाखवलं. मग मासेमारी. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. वजन जवळपास शून्य, त्यामुळे तो भिरकावता येत नाही, जाड दोरीच हवेत मागे-पुढे झुलवून पाण्यावर अलगद उतरवावी लागते. प्रणव दोन वर्षं ऑफिसातल्या मित्राबरोबर शिकतोय. नाना लहानपणी कृष्णेच्या काठी कणकेची गोळी लावून गळ टाकायचे. त्यांनी तो किडा बोटात फिरवून बघितला आणि विचारलं, यात खायला काहीच नाही? प्रणव म्हणाला, नाही, फक्त दिसायला खऱ्यासारखा. नाना म्हणाले, बिचारा मासा.

दोन गळ होते, एक नानांकडे आणि एक रेवाकडे. रेवा थोड्या अंतरावर, बांधाच्या टोकाशी उभी होती. तिला त्यातली गती लवकर समजली. नानांची दोरी दर वेळी मागच्या गवतात अडकायची आणि प्रणव धावत जाऊन सोडवायचा. चिलटं आली. मी सगळ्यांच्या तोंडावर ओढण्या बांधल्या. प्रणवने थर्मासमधून नानांना चहा ओतून दिला, त्यांच्या आवडीचा, आल्याचा, वर खारी. मग त्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

नानांनी चहा संपवला, कप दगडावर ठेवला आणि पाण्याकडेच बघत म्हणाले, "प्रणव, तुझी आजी गेली तेव्हा तुझी बारावी चालू होती. तुला मी शेवटच्या पेपरनंतर सांगितलं. आधी आईस्क्रीम खायला नेलं, मग सांगितलं. आठवतंय?"

प्रणव हो म्हणाला.

"चॉप्स झाले, गादी झाली, चहा झाला. काय ते सांग आता."

आपल्या घरांमध्ये हे असंच चालतं. वाईट बातमी पोट भरल्यावर, परीक्षा झाल्यावर, पाहुणे गेल्यावर. आधी गोड, मग ते. ज्यांनी आयुष्यभर असंच सांगितलं त्यांच्यावरच आम्ही तो प्रयोग करायला निघालो होतो.

प्रणवने सांगितलं. चांगलं सांगितलं, मी खोटं बोलणार नाही. डॉक्टर, बाग, जेवण, त्यांच्यासारखेच लोक, तो स्वतः दर सहा महिन्यांनी येणार. नाना ऐकत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आणि घर?"

"भाड्याने दिलंय. येत्या एक तारखेपासून. सामान संदीपदादा बांधून ठेवतोय." संदीपदादा म्हणजे प्रणवचा सांगलीतला चुलत भाऊ.

"तुझ्या आईचं कपाट?"

आम्हा दोघांपैकी एकालाही संदीपदादाला ते विचारायचं सुचलं नव्हतं. प्रणव म्हणाला, विचारतो, लगेच विचारतो, आणि फोन काढला. तळ्यावर रेंज नव्हती. तरी तो फोन वर धरून बांधावरून इकडून तिकडे चालत राहिला. नाना त्याला म्हणाले, राहू दे आता, बस खाली.

नाना ओरडले असते, रडले असते, नाही म्हणाले असते, तर बरं झालं असतं. मला तेव्हा प्रणवचा राग आला, माझा आला, आणि खरं सांगायचं तर नानांचाही आला, इतकं शांत बसल्याबद्दल. त्यांनी फक्त शाल काढून घडी केली आणि मांडीवर ठेवली.

रेवा आमच्या मागे येऊन उभी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. तिच्या हातात जाळी होती आणि जाळीत मासा. तिला ट्राउट लागला होता, तिने एकटीने तो काठाला आणला होता, गळ सोडवला होता आणि नानांना दाखवायला धावत आली होती. आम्ही बोलत होतो म्हणून थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हे आम्हीच तिला शिकवलंय.

नानांनी वळून बघितलं आणि उठले. वा, म्हणाले, काय रंग आहेत, हे लाल ठिपके बघ. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिच्या हातातून जाळी घेतली, गुडघे टेकून ती पाण्यात धरली, आणि मासा हाताने सरळ करून हळूहळू पुढे-मागे हलवला. कल्ले एकदा हलले. मग नाहीत. नाना बराच वेळ तसेच हात पाण्यात घालून बसले. ते पाणी मे महिन्यातसुद्धा हाडात जातं.

"मी मारलं त्याला," रेवा म्हणाली. "मी वेट करत होते."

नाना म्हणाले, "नाही बाळा. तू थांबलीस ते बरोबर केलंस. उशीर आम्ही केला."

परमिटच्या नियमाप्रमाणे तेवढ्या मापाचा मासा ठेवता येत होता. खाली आल्यावर नानांनी तो स्वतः साफ केला, तिखट-मीठ-हळद लावून तव्यावर टाकला. रेवाने खायला नकार दिला. प्रणवने ताट बाजूला ठेवलं. मी एक तुकडा तोंडात घातला, चव लागली नाही. नानांनी एकट्याने बसून तो संपवला, काटे एका कडेला काढत, टाकून दिला नाही. तोपर्यंत फोनला रेंज आली होती आणि संदीपदादाचं उत्तरही आलं होतं. साड्या कामाच्या मावशींनी आणि त्यांच्या बहिणीने नेल्या. कपाट भंगारवाल्याला दिलं. प्रणवने ते वाचून दाखवलं. नाना म्हणाले, मावशींना मिळाल्या ते बरं झालं, आणि ताट घेऊन भांडी धुवायच्या नळाकडे गेले. मी जाऊन त्यांच्या हातातून ताट घेतलं. त्यांनी सोडलं नाही, मग आम्ही दोघांनी मिळून भांडी घासली.

तिसऱ्या दिवसासाठी आम्ही एका धबधब्याचा बेत आखला होता. सकाळी उठलो तेव्हा नानांनी त्यांचा तंबू पाडून, पुसून, पिशवीत भरून गाडीजवळ ठेवला होता. खुर्चीसुद्धा. धबधब्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. येताना लँगॉथलेनला प्रणवने गाडी थांबवली, पण नाना चिप्स नकोत म्हणाले.

जुलैमध्ये नाना परस्पर पुण्याला गेले. प्रणव सोबत गेला आणि त्यांना खोली लावून देऊन आला. खोली खरंच चांगली आहे. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, तिथल्या मंडळींना नाना ट्राउटबद्दल सांगतात, नातीने पकडला म्हणतात. सांगलीचं नाव काढत नाहीत. आम्हीही काढत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. मेच्या शेवटी जा, गरम कपडे न्या, चिलटांचं औषध विसरू नका, मुलांना गळ हातात द्या, त्यांना येतं. मला पुन्हा तिथे जायचं नाही. तळ्याचा त्यात काही दोष नाही.

मागच्या आठवड्यात जेवताना प्रणव म्हणाला, ऑक्टोबरच्या सुट्टीत कॉर्नवॉलला जाऊ या, समुद्रावर, रेवाला आवडतं तसं हॉटेल घेऊ. मी हो म्हणाले. आम्हाला दोघांनाही कुठेतरी जायला हवं होतं. रेवाने चमचा ताटात ठेवला. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय झालंय?" ती म्हणाली. "इथेच सांगा ना. प्लीज, इथेच सांगा."

काही नाही गं, खरंच काही नाही, असं आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, आणि तिचा त्यावर विश्वास बसला नाही.